अन्नसाहाय्याचे कार्ड : सोय कोणाची, जोखीम कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत १ नोव्हेंबर २०२५ रोजी जे घडले ते त्या देशाच्या अन्नसाहाय्याच्या इतिहासात पूर्वी कधी घडले नव्हते. तेथील सुमारे ४ कोटी २० लाख माणसांचा, म्हणजे दर आठ रहिवाशांपैकी एकाचा, महिन्याचा बाजारहाट एका प्लॅस्टिकच्या कार्डावर अवलंबून होता. त्या दिवशी कार्डे शाबूत होती, दुकानांतील यंत्रे चालू होती, फळ्यांवर माल भरलेला होता. फक्त त्या महिन्याची रक्कम खात्यात जमा होणे थांबले होते. अंदाजपत्रकाच्या झगड्यामुळे केंद्र सरकारचे कामकाज १ ऑक्टोबरपासून ठप्प झाले होते, आणि त्या झगड्याची किंमत ज्यांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता अशा घरांतील चुलींनी मोजली.

ही घटना येथे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, गरिबांसाठी असलेल्या योजनांत यंत्र आणले की सारे दोष आपोआप नाहीसे होतात, असा एक समज आपल्याकडे मूळ धरू लागला आहे. गळती थांबते, दलाल जातो, लाभ थेट लाभार्थ्याच्या हाती पडतो, असे वारंवार ऐकवले जाते. अमेरिकेने हा प्रयोग चार दशकांहून अधिक काळ केलेला आहे. त्याचे यश खरे आहे, ते मान्य केले पाहिजे. आणि त्याचे अपयशही तितकेच खरे आहे, ते समजून घेतले पाहिजे. कार्डामुळे साहाय्य पोहोचवण्याचा मार्ग बदलला. साहाय्य मिळणाऱ्याचा हक्क मात्र त्यामुळे बळकट झाला नाही. एका महत्त्वाच्या बाबतीत तर तो दुबळाच राहिला. हे कसे घडले ते पाहणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

नारिंगी आणि निळी तिकिटे

या कार्डाचा पूर्वज कागदाचा होता. महामंदीच्या काळात एका बाजूला शेतमालाला गिऱ्हाईक नव्हते आणि दुसऱ्या बाजूला बेकारांच्या पोटात अन्न नव्हते. भांडवली बाजारव्यवस्थेची ही विसंगती इतकी उघडीनागडी होती की, सरकारला हात घालणे भागच पडले. मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात फूड स्टॅम्पची पहिली योजना सुरू झाली. साहाय्यपात्र कुटुंबाने एक डॉलर देऊन नारिंगी तिकिटे घ्यायची आणि त्याबरोबर त्याला अर्ध्या डॉलरची निळी तिकिटे फुकट मिळायची. नारिंगी तिकिटांवर कोणतेही अन्न घेता येई. निळ्या तिकिटांवर मात्र कृषी खात्याने ‘अतिरिक्त’ म्हणून जाहीर केलेलाच माल मिळे. भुकेल्याची सोय आणि शेतकऱ्याच्या मालाला उठाव असे दुहेरी उद्दिष्ट या योजनेमागे होते. म्हणूनच ही योजना समाजकल्याण खात्याकडे न जाता कृषी खात्याकडे गेली आणि आजही ती तेथेच आहे.

महायुद्धाने अतिरिक्त माल आणि बेकारी दोन्ही खाऊन टाकली, तेव्हा १९४३ मध्ये योजना बंद झाली. केनेडी अध्यक्ष झाल्यावर १९६१ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात पुन्हा सुरू झाली आणि जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९६४ साली तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. परंतु एक अट कायम होती. कुटुंबाने आधी रोख रक्कम भरायची, मग त्याहून अधिक किमतीची कुपने मिळायची. ज्याच्या गाठीला महिन्याच्या प्रारंभी काहीच नसे, तो सर्वांत गरीब माणूस या दारापाशीच अडे. जॉर्ज मॅकगव्हर्न आणि बॉब डोल या परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी ही अट काढून टाकण्यासाठी हातमिळवणी केली. १९७७ च्या कायद्याने ती रद्द झाली आणि १९७९ पासून प्रत्यक्षात आली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या योजनेच्या इतिहासात गरिबांच्या दृष्टीने झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा कायद्याने झाली. तिच्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नव्हते.

कागदाकडून प्लॅस्टिककडे

कुपनांचे दोष उघड होते. ती छापायची, सांभाळायची, टपालाने पाठवायची किंवा रांगा लावून वाटायची. दुकानदाराने ती मोजून बँकेत भरायची. बँकेने ती पुन्हा मोजायची आणि अखेर सरकारने ती नष्ट करायची. प्रत्येक टप्प्यावर खर्च, प्रत्येक टप्प्यावर चोरीची शक्यता. काही दुकानदार डॉलरचे कुपन कमी भावात रोख देऊन विकत घेत आणि सरकारकडून पुरा डॉलर वसूल करीत. त्याहून मोठा दोष मनाला लागणारा होता. दुकानातील गल्ल्यापाशी रांग उभी आहे, मागे शेजारीपाजारी आहेत आणि एखादी बाई वेगळ्या रंगाच्या कुपनांचे पुस्तक काढून एकेक पान फाडते आहे. तिच्या गरिबीची ती जाहीर दवंडीच असे. या लाजेपायी पात्र असूनही अनेक जण अर्ज करण्याचे टाळीत.

म्हणून ऑक्टोबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रेडिंग या शहरात कुपनांऐवजी कार्ड देण्याचा प्रयोग झाला. १९९३ मध्ये मेरीलँड हे संपूर्ण राज्यभर कार्ड लागू करणारे पहिले राज्य ठरले. १९९६ च्या कायद्याने सर्व राज्यांना ऑक्टोबर २००२ पर्यंत कार्डाकडे वळण्याचे बंधन घातले. प्रत्यक्षात हे काम २००४ च्या मध्यापर्यंत लांबले. २००८ च्या ऑक्टोबरात योजनेचे नावही बदलून ‘पूरक पोषण साहाय्य कार्यक्रम’, म्हणजे तेथील आद्याक्षरांनी ‘स्नॅप’, असे ठेवण्यात आले. जून २००९ नंतर जुनी कागदी कुपने चालेनाशी झाली. रॉचेस्टरपासून सत्तर वर्षांनी कागदाचे युग संपले.

कार्ड चालते कसे?

या पद्धतीला ‘इलेक्ट्रॉनिक बेनिफिट ट्रान्सफर’, संक्षेपाने ई.बी.टी., म्हणतात. तिचे यंत्रगत रहस्य फारसे गूढ नाही. पण तिच्यातील प्रत्येक दुव्यामागे कोण उभा आहे हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिला दुवा राज्य सरकारच्या कचेरीचा. कुटुंब अर्ज करते. उत्पन्न, घरभाडे, माणसे यांची छाननी होते. कुटुंबाने आपल्या निव्वळ उत्पन्नाचा तीस टक्के भाग अन्नावर खर्च करावा असे गृहीत धरून, ठरवलेल्या कमाल रकमेतून तो भाग वजा केला जातो. उदाहरणार्थ, २०२४-२५ या वर्षी चार माणसांच्या कुटुंबासाठी कमाल रक्कम महिना ९७५ डॉलर होती. अशा कुटुंबाचे वजावटी जाऊन निव्वळ उत्पन्न १,००० डॉलर असेल, तर त्यातील ३०० डॉलर वजा होऊन कार्डावर ६७५ डॉलर जमा होत. २०२३-२४ च्या वर्षात माणशी सरासरी साहाय्य महिना सुमारे १८७ डॉलर होते, म्हणजे दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. अमेरिकेतील भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यात चैन करता येत नाही हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा दुवा कंत्राटदाराचा. खात्यांची नोंदवही राज्य सरकार स्वतः ठेवीत नाही. हे काम खाजगी कंपन्यांना कंत्राटाने दिलेले असते. कार्ड छापणे, खात्यात रक्कम दाखवणे, दुकानातून आलेली मागणी तपासणे, हरवलेल्या कार्डाची तक्रार टेलिफोनवर घेणे, ही सारी कामे कंत्राटदार करतो. सर्वांना एकाच दिवशी रक्कम दिली तर दुकानांत झुंबड उडेल, म्हणून बहुतेक राज्यांत ती महिन्यातील निरनिराळ्या तारखांना जमा होते.

तिसरा दुवा दुकानाचा. कृषी खात्याने मान्यता दिलेल्या दुकानातच कार्ड चालते. गिऱ्हाइकाने कार्ड यंत्रातून सरकवायचे आणि चार आकडी गुप्त क्रमांक दाबायचा. मागणी क्षणार्धात कंत्राटदाराच्या संगणकाकडे जाते. शिल्लक पुरेशी असेल तर होकार येतो, तेवढी रक्कम वजा होते आणि पावतीवर उरलेली शिल्लक छापून येते. दुकानदाराचे पैसे साधारणतः दोन कामकाजी दिवसांत त्याच्या बँकखात्यात केंद्र सरकारकडून येतात.

येथे एक सूक्ष्म पण निर्णायक मुद्दा आहे. कार्ड दिसायला बँकेच्या कार्डासारखे असले, तरी कार्डधारकाचे बँकेत खाते नसते. जे असते ते सरकारी वहीतील एक नोंद. तिच्यावर व्याज नाही. तीतून रोख काढता येत नाही. सलग नऊ महिने खाते वापरले नाही तर रक्कम परत सरकारजमा होऊ लागते. हा बांधलेला पैसा आहे. त्यावर पीठ, दूध, भाजी, मांस, अगदी अन्न देणाऱ्या रोपांचे बियाणेही घेता येते; पण साबण, औषध, बाळाचे लंगोट, दारू, तंबाखू किंवा दुकानातील गरम शिजवलेले अन्न सर्वसाधारणपणे घेता येत नाही. रोख साहाय्याची दुसरी योजना याच कार्डावर असेल तर ती रक्कम यंत्रातून काढता येते. पण तीही दारूच्या दुकानात वा जुगाराच्या अड्ड्यावर वापरता येऊ नये असा कायदा २०१२ मध्ये झाला. २०२५ पासून तर काही राज्यांनी शीतपेये आणि मिठाईही या कार्डावर बंद करण्याची परवानगी कृषी खात्याकडून मिळवली. गरिबाने काय खावे याची चिंता वाहणाऱ्यांना श्रीमंतांच्या ताटात डोकावण्याची गरज सहसा भासत नाही.

जे साधले ते

या पद्धतीचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गल्ल्यापाशी आता कोण कोणते कार्ड सरकवतो याकडे मागच्याचे सहसा लक्ष जात नाही; कुपनांच्या पुस्तकाची जाहीर अवहेलना संपली. कुपनांचा काळाबाजार कमी झाला. कृषी खात्याच्याच अंदाजानुसार १९९३ मध्ये दर डॉलरमागे जवळजवळ चार सेंट काळ्या व्यवहारात जात होते. कार्ड आल्यानंतर हे प्रमाण एक ते दीड सेंटच्या आसपास आले. प्रत्येक व्यवहाराची नोंद राहत असल्यामुळे लबाड दुकानदार शोधणे सोपे झाले.

आपत्तीच्या वेळी मदत जलद पोहोचवण्याचे सामर्थ्यही कार्डाने दिले. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा शाळेतील मोफत जेवणाला मुकलेल्या मुलांच्या वाट्याची रक्कम कार्डांवर जमा करण्यात आली. अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहिले तर मंदीच्या काळात हा खर्च फार गुणकारी ठरतो, कारण गरीब माणूस मिळालेला पैसा साठवून ठेवीत नाही, तो त्याच महिन्यात बाजारात आणतो. कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये काढलेल्या अनुमानाप्रमाणे, अर्थव्यवस्था मंदावलेली असताना या योजनेवर खर्चलेला एक डॉलर राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे दीड डॉलरची भर घालतो. म्हणजे १९३९ च्या नारिंगी-निळ्या तिकिटांमागचा विचार आजही खोटा ठरलेला नाही.

जोखीम कोणाच्या माथी?

आता नाण्याची दुसरी बाजू. अमेरिकेत १९७८ पासून एक कायदा आहे. बँकेच्या कार्डातून कोणी परस्पर पैसे काढले आणि ग्राहकाने दोन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याची हानी जास्तीत जास्त ५० डॉलरपुरती मर्यादित राहते. उरलेली बँकेने सोसायची. १९९४ मध्ये तेथील मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, हेच संरक्षण अन्नसाहाय्याच्या कार्डालाही लागू करण्याचे ठरवले. हे न्याय्यच होते. परंतु राज्यांनी खर्चाची ओरड केली आणि १९९६ च्या कायद्यात काँग्रेसने अशा साहाय्याला त्या संरक्षणातून वगळले. ज्या कायद्याने कार्ड सक्तीचे केले, त्याच कायद्याने कार्डधारकाची ढालही काढून घेतली. गरिबाला बँकेसारखे कार्ड मिळाले. बँकेच्या ग्राहकाचा अधिकार मात्र मिळाला नाही.

या वगळण्याचा परिणाम पंचवीस वर्षांनी पूर्णपणे दिसला. २०१५ पासून अमेरिकेतील बँकांनी आपल्या कार्डांत चिप बसवण्याचा वेग वाढवला, कारण फसवणुकीचा भुर्दंड त्यांच्यावर पडत होता. अन्नसाहाय्याच्या कार्डाला मात्र जुनी चुंबकीय पट्टीच राहिली, कारण तेथील चोरीचा भुर्दंड ना बँकेवर होता ना कंत्राटदारावर. मग चोरांनी सोपा मार्ग निवडला. दुकानाच्या यंत्रावर एक खोटे आवरण चढवायचे, पट्टीवरील माहिती आणि गुप्त क्रमांक टिपून घ्यायचा, नक्कल कार्ड तयार करायचे आणि रक्कम जमा झाल्याबरोबर पहाटेच खाते रिकामे करायचे. सकाळी आई दुकानात जाते, सामान गल्ल्यावर ठेवते आणि शिल्लक शून्य आहे असे तिला कळते. कार्ड तिच्या हातातच असते. म्हणजे ‘हरवले’ अशी तक्रारही तिला वेळेत करता येत नाही. आणि नियम असा की, तक्रार नोंदवल्यानंतरच्या हानीची जबाबदारी राज्याची, त्यापूर्वीची कुटुंबाची.

डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने अशी चोरलेली रक्कम भरून देण्याची तात्पुरती तरतूद केली, तीही जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या साहाय्याएवढी. २० डिसेंबर २०२४ नंतर झालेल्या चोऱ्यांना ही तरतूद लागू राहिली नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये चिप असलेली कार्डे देण्यास प्रारंभ केला. तंत्रज्ञान उपलब्ध होते. ते आणण्याची निकड कोणाला नव्हती. अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे प्रत्ययाला येतो : ज्याच्यावर हानीचा भार पडतो तोच ती टाळण्याची धडपड करतो. भार जर दुबळ्यावर टाकला, तर बलवान यंत्रणेला सुधारण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी जोखीम एककेंद्रीपणाची. ऑक्टोबर २०१३ मध्ये एका कंत्राटदाराकडे विजेच्या पर्यायी व्यवस्थेची चाचणी चालू असताना बिघाड झाला आणि सतरा राज्यांतील कार्डे एकाच दिवशी बंद पडली. कागदाचे कुपन विजेवर अवलंबून नव्हते. कार्डाच्या पद्धतीतही टेलिफोनवरून मंजुरी घेऊन हाताने पावती करण्याची सोय नियमांत आहे. पण सोय नियमांत असणे आणि गल्ल्यावरच्या कारकुनाला ती ठाऊक असणे यांत अंतर असते. शेतकरी-बाजारांचीही अशीच कुचंबणा झाली. उघड्या मैदानात भाजी विकणारा शेतकरी कुपन घेऊ शकत होता. कार्डासाठी त्याला वीज आणि टेलिफोनची तार हवी होती. बिनतारी यंत्रे येईपर्यंत अशा अनेक बाजारांचे दार या गिऱ्हाइकाला बंद राहिले आणि मोठ्या दुकानांचा फायदा झाला.

तिसरी गोष्ट मुंबईशी थेट संबंध असलेली आहे. न्यू जर्सी राज्यातील कार्डधारकांच्या टेलिफोन चौकशीचे काम एका कंत्राटदाराकडे होते. स्वस्त मजुरीच्या शोधात त्याने ते काम विस्कॉन्सिनमधून उचलून मुंबईला नेले. म्हणजे कॅम्डनमधल्या बेकार माणसाने शिल्लक विचारण्यासाठी फोन फिरवला की उत्तर मुंबईतून येऊ लागले. ज्या योजनेचा हेतू बेकाराला आधार देण्याचा, तिच्यातीलच नोकऱ्या देशाबाहेर गेल्या. २००२ मध्ये तेथील विधिमंडळात या गोष्टीवरून वादळ उठले आणि पुढच्या वर्षी जास्त खर्च सोसून ते काम न्यू जर्सीत परत आणण्यात आले. या प्रकरणात मुंबईच्या तरुणांना दोष देणे चुकीचे ठरेल आणि कॅम्डनच्या बेकारांचा राग समजून न घेणेही चुकीचे ठरेल. दोघांना एकमेकांसमोर उभे करणारे कंत्राट कोणाच्या नफ्यासाठी होते, हा प्रश्न विचारणे हेच कामगार चळवळीचे काम आहे.

यंत्र चालू, खाते रिकामे

कार्ड हा केवळ एक नळ आहे. नळ कितीही चकचकीत असला, तरी टाकीत पाणी सोडायचे की नाही हे वेगळ्याच ठिकाणी ठरते. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने महिन्याला ८० तास काम केल्याचा दाखला देण्याची अट ६४ व्या वर्षापर्यंतच्या माणसांना आणि चौदा वर्षांवरील मुलांच्या आईबापांनाही लावली. अट पूर्ण न केल्यास तीन वर्षांत केवळ तीन महिने साहाय्य. प्रशासनखर्चातील राज्यांचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून निम्म्यावरून पाऊण करण्याचेही त्याच कायद्याने ठरवले. ज्या कचेरीने दाखले तपासायचे, तिच्याच खर्चाला अशी कात्री लावली की पात्र माणसेही कागदपत्रांच्या जंजाळात गळतात. यंत्राला हे दिसत नाही. ते फक्त शिल्लक सांगते.

आणि मग आला नोव्हेंबर. कृषी खात्यापाशी आकस्मिक खर्चाचा निधी होता. तो पूर्ण महिन्याला पुरला नसता, पण होता. खात्याने तो वापरता येत नाही अशी भूमिका घेतली. ३१ ऑक्टोबर रोजी ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स येथील न्यायाधीशांनी याविरुद्ध मत दिले. तरीही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या गोंधळात काही राज्यांत पुरी रक्कम जमा झाली, काहींत थोडी, काहींत काहीच नाही. १२ नोव्हेंबरला सरकारचे कामकाज पुन्हा सुरू झाले तेव्हाच हा प्रश्न सुटला. एका दिवसात कोट्यवधी खात्यांत पैसे भरू शकणारी यंत्रणा हाताशी असूनही लोक दानावर चालणाऱ्या अन्नछत्रांपुढे रांगा लावून उभे राहिले. कुपनांबरोबर गेलेली रांग परत आली, कारण ती मुळात कागदाची नव्हती, राजकीय निर्णयाची होती.

आपल्यासाठी बोध

अमेरिकेची आणि आपली परिस्थिती सारखी नाही. तेथे बाजारभावाने माल घेण्यासाठी पैसा मिळतो. आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये रास्त भाव दुकानातून धान्य मिळते. तेथे गुप्त क्रमांक लागतो. आपल्याकडे ई-पॉस यंत्रावर अंगठा लागतो. विसरलेला क्रमांक टेलिफोन करून बदलून घेता येतो. खडी फोडून, ऊस तोडून झिजलेला अंगठा बदलून मिळत नाही. अर्थात आपल्याकडेही लाभ झाला आहे. २०१९ पासून सुरू झालेल्या ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे बीडच्या ऊसतोड कामगाराला कारखान्याच्या गावी धान्य घेता येण्याचा मार्ग खुला झाला. ही सोय टिकवलीच पाहिजे. यंत्राला आंधळा विरोध करणे हे समाजवादी माणसाचे काम नव्हे.

पण अमेरिकेच्या अनुभवावरून कार्यकर्त्यांनी प्रत्येक नव्या कार्डाला आणि यंत्राला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. यंत्र बंद पडले तर त्या दिवशी धान्य कसे मिळणार? चोरी वा चूक झाली तर हानी कोणी सोसायची? आणि सरकारने वाटा दिलाच नाही तर दाद कोठे मागायची?

तिसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हक्काचे धान्य पुरवले गेले नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता मागण्याचा अधिकार आठव्या कलमाने दिला आहे. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, राज्य अन्न आयोग, सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समित्या यांची तरतूदही त्याच कायद्यात आहे. परंतु रेशन दुकानदार ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगतो आणि बाई रोजगार बुडवून परत जाते, तेव्हा तिच्या नावे कोठेही काही नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून भत्ता नाही. कायदा कपाटात आणि धान्य गोदामात राहते.

कार्यकर्त्यांनी येथूनच प्रारंभ करावा. आपल्या वस्तीतील दुकानात महिनाभर एक साधी वही ठेवावी. कोण परत गेले, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, एवढेच लिहावे. ती वही दक्षता समितीपुढे ठेवावी. तेथे दखल घेतली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तेथून राज्य अन्न आयोगाकडे न्यावी. सरकारच्या संगणकात दिलेल्या धान्याचा हिशेब असतो. नाकारलेल्या धान्याचा हिशेब लोकांनाच ठेवावा लागतो. तो ठेवला गेला, तरच कार्डावर हक्काची नाममुद्रा उमटेल.